सरणाचा आंबा आणि छतावरची डिश

आत्या, तुझी तेरवी होऊन आठवडाही झाला नाही आणि गावानं तुझ्या नावावर एक चमत्कार जमा करून टाकला आहे. म्हातारीनं जाता जाता गावाचं नेट सुरू करून दिलं, असं लोक म्हणतात. काल चांदूर बाजारला फुलांच्या बाजारात एका बाईनं मला थांबवून हेच ऐकवलं आणि तुझ्या आठवणीनं डोळ्याला पदर लावला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि गाडी सुरू केली.

चमत्कार वगैरे काही नव्हता. तुझ्या सरणासाठी आंब्याच्या कोणत्या फांद्या तोडायच्या, हे त्या दिवशी मला विचारलं होतं. मी ज्या दाखवल्या त्या तुझ्यासाठी दाखवल्या नव्हत्या, छतावरच्या डिशसाठी दाखवल्या होत्या. हे कोणालाच माहीत नाही. तुझ्या पोराला, विलासला, तर नाहीच. त्याला सांगावं की सांगू नये यावर माझं रोज स्वतःशी भांडण होतं आणि रोज मी शेपूट घालतो. म्हणून आधी तुला सांगतो. तू शिव्या देशील, पण शिव्या देऊन झाल्यावर चहा ठेवशील, अशी सवय तूच मला लावली आहेस.

माझा धंदा नेमका काय, हे तू लोकांना कधी धड सांगितलं नाहीस. "आमचा बापू हवेतून नेट पेरते," म्हणायचीस. अमरावतीच्या राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावरची खोली हे माझं ऑफिस, आणि चांदूर बाजारच्या टॉवरवरून आसपासच्या खेड्यांना वायरलेस इंटरनेट द्यायचं, एवढाच पसारा. सुरुवातीला मी दांडीसारखे अँटेना लावले होते. ते चहूकडे सारखंच बोलतात, त्यामुळे लांबच्याला काहीच नीट ऐकू येत नाही. तुझ्या गावापर्यंत पोचता पोचता सिग्नल अगदी मरगळून जायचा. मग मी डिश आणल्या. डिशचं तोंड जिकडे असेल तिकडेच ती सगळा जोर लावते. एक टॉवरवर, तिच्या बरोबर समोर दुसरी उंच जागेवर, आणि तिथून पुढे आसपासच्या गावांत वाटप, असा माझा बेत होता.

पण छत द्यायला गावात कोणी तयार नव्हतं. किरणांनी संत्र्याचा बहार गळतो, मधमाशा फिरकत नाहीत, बायकांचे गुडघे धरतात, अशा वावड्या होत्या. तुझं घर गावाच्या कडेला, उंचवट्यावर, पक्क्या स्लॅबचं. मी भीत भीत विचारलं, तर तू उलट मलाच विचारलंस, "यानं माही शेवंती जळन का?"

"नाही जळणार."

"मंग लाव. जळली तं तुह्याच डोक्यावर आनून टाकतो."

त्यानंतर जो कोणी तक्रार घेऊन येई त्याला तू हाताला धरून वावरात न्यायचीस आणि शेवंती दाखवायचीस. तुझ्या त्या एका होकारावर माझी सगळी खेडी जोडली गेली. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. घरच्या माणसाचे कोण आभार मानतं, असं म्हणत ते राहूनच गेलं.

डिश बसवली तो दिवस आठवतो? मी छतावर पाना घेऊन डिश सुतासुतानं फिरवत होतो आणि तू अंगणात माझा फोन धरून त्यावरचे आकडे ओरडून सांगत होतीस. उणे ऐंशी, उणे पंच्याहत्तर, उणे सत्तर. मी वरून "वा, वा" म्हणत होतो आणि तुझ्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या.

"कमी होऊन राहिलं ना रे, मंग खुश काहून होतं?"

"उण्यातला आकडा आहे आत्या, जेवढा लहान तेवढा बरा."

"मंग हे माह्या सुनेच्या सयपाकातल्या तिखटासारखं झालं."

"मी इथीच हाव म्हटलं," वंदना चुलीपासून बोलली. तुम्ही दोघी हसत राहिलात आणि मला आकडा कोणी सांगेना. शेवटी मीच खाली येऊन पाहिला. उणे साठाच्या आत होता. त्या आनंदात मी तुला उचलून गर्रकन फिरवलं होतं, आणि तू मला पाठीत धपाटे घालत होतीस.

चहा घेताना तू विचारलंस, ही डिश दांडीपेक्षा वेगळं काय करते. मी दोन्ही हात तोंडाशी धरून दाखवलं, वावरातल्या माणसाला हाक मारतात तसं. आवाज तेवढाच, पण एकाच बाजूला गेला म्हणून लांब जातो.

"आन बाजूच्याले?"

"बाजूच्याला ऐकू येत नाही. तेच तर पाहिजे."

"कसं पाहिजे? बाजूचा का मानूस नोय?"

बाजूच्यासाठी दुसरी डिश लावता येते, असं मी म्हणालो. हे माझं नेहमीचं उत्तर, आणि ती दुसरी डिश मी क्वचितच लावायचो. तुझं मात्र समाधान झालं नाही. पुढे कधीतरी चार पाहुण्यांत तू म्हणालीस, "आमच्या बापूचं बी डिशीसारखंच हाय. जिकडं काम, तिकडं तोंड." सगळे हसले, मीही हसलो. तू बोललीस ते खरं होतं, आणि लागलं नाही असं दाखवायला मी जरा जास्तच हसलो होतो.

मी तुझ्याकडे यायचो तो डिशसाठी यायचो, आत्या. तुला भेटायला म्हणून एकदा तरी आलो असेन का, हे मी या दिवसांत खूप आठवून पाहिलं. सापडलं नाही. गाडी लावली की आधी जिना चढायचो, वर नटबोल्ट तपासायचो, आकडा पाहायचो, आणि मग तू. तोवर तुझी भाकर निवलेली असायची. तू ती पुन्हा तव्यावर टाकायचीस.

पाडव्याचं प्रकरण तर मला आठवायचीच लाज वाटते. तुमच्या घरी गुढी सगळ्यात उंच जागी उभारायची पद्धत. डिश आल्यापासून घरात सगळ्यात उंच माझा खांब, म्हणून तू पहाटे उठून गुढीची काठी त्या खांबालाच बांधलीस. वरच्या जरीच्या पातळात वारा भरला, खांबाचा पट्टा सैल झाला आणि डिश तोंड फिरवून अचलपूरकडे पाहू लागली. ऐन सणाच्या सकाळी खेड्याखेड्यांतलं नेट बंद. मी अमरावतीहून पुरणाच्या ताटावरून उठून आलो आणि आल्या आल्या तोंड सोडलं.

"देवाची गुढी हाय बापू, खाली कुठी बांधू?"

"हा खांब देवाचा नाही, माझा आहे."

"उंच हाय ना?"

संध्याकाळी उतरवायची गुढी मी भर दुपारीच उतरवून जिन्यात टेकवून ठेवली. तांब्या गडगडत खालपर्यंत गेला. तू तो उचललास, पदरानं पुसलास आणि आत गेलीस. पुढच्या पाडव्याला गुढी गोठ्यावर होती. मला ते दिसलं, आणि खांब मोकळा राहिला म्हणून मला बरंच वाटलं.

मग आंबा. घराच्या उगवतीकडे, टॉवरच्या बाजूला असलेला तुझा आंबा. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेलीस तेव्हा मूर्तिजापूरकडच्या आमच्या वावरातली कोय तू ओटीत बांधून आणलीस आणि इथं पुरलीस. आपल्या हातानं लावलेल्या आंब्याची फांदी सरणावर पडली म्हणजे माणूस आपल्या पायानं गेल्यासारखं होतं, असं तू म्हणायचीस. त्यामुळे त्याचं नावच सरणाचा आंबा. लोणच्याच्या कैऱ्या वाटताना तू बिनदिक्कत सांगायचीस, "घ्या, माह्या सरनाच्या कैऱ्या हायेत." नवीन सुना दचकायच्या.

डिश बसवली तेव्हा त्याचा शेंडा बराच खाली होता. नंतर तो दर वर्षी वर येत गेला. उन्हाळ्यात निभायचं, पण पावसाळ्यात ओला पाला सिग्नल गिळून टाकतो. यंदा झड लागली आणि शेंडा बरोबर दोन डिशींच्या मध्ये आला. जरा पाऊस पडला की नेट गेलंच. लोक दिवसभर फोन करायचे, काहींनी कनेक्शन तोडायची भाषा सुरू केली. मी आषाढात तुझ्याकडे आलो तो हेच डोक्यात घेऊन.

"आत्या, शेंड्याच्या दोन फांद्या छाटू दे. झाडाला काही होत नाही."

"हिरव्या झाडाले काहून हात लावतं? तुहा खांब उंच कर ना. झाड वाढून राहिलं, तू बी वाढव."

खांब उंच करता आला असता, आत्या. त्याला ताणाच्या तारा लागल्या असत्या, दोन माणसं आणि एक अख्खा दिवस लागला असता. मी तो टाळत होतो, इतकंच. पण तुला मी वाऱ्याचं आणि वजनाचं शास्त्र ऐकवत बसलो. डिश बोटभर हलली तरी टॉवर चुकतो, अमुक होतं, तमुक होतं. तू ऐकून घेतलंस.

"मंग मी मेल्यावर तोडजो. तसा बी थो माह्यासाठीच ठेवला हाय."

"तोवर गिऱ्हाईक थांबत नसतं, आत्या."

मी असंच म्हणालो. तू माझ्याकडे पाहिलंस आणि हसलीस. "मंग घाई करू म्हनतं का?"

मी हसलो नाही. तू पाटवडीचा रस्सा केला होतास. मला अकोल्याला जायचंय म्हणून मी तसाच निघालो. अकोल्याचं काम दोन दिवसांनी केलं असतं तरी चाललं असतं. तू ताट हातात घेऊन दारापर्यंत आलीस, "दोन घास तं खाऊन जा," म्हणालीस, आणि मी गाडीवरूनच हात हलवला. ते आपलं शेवटचं.

श्रावणात सकाळी वंदनाचा फोन आला. तू फुलं तोडून आलीस, ओट्यावर टेकलीस, आणि उठलीच नाहीस. मी निघालो. रस्ताभर भुरभुर पाऊस होता आणि रस्ताभर गिऱ्हाइकांचे फोन. नेट गेलं, नेट गेलं. अंगणात शिरलो तेव्हा तुला ओसरीत निजवलं होतं. माझी नजर आधी छतावर गेली, आत्या. तिथून आंब्यावर. मग तुझ्यावर. हे मी कोणाला कसं सांगू.

विलास मस्कतला. त्याला यायला मिळणार नव्हतं आणि पावसापाण्यात तुला ठेवताही येत नव्हतं. घरात मोबाइलची रेंज नीट नाही हे तुला माहीतच आहे. वंदना फोन घेऊन बांधापर्यंत जायची, त्याचा आवाज तुटायचा, ती रडत परत यायची. बांधावरच मला गाठून म्हणाली, "भाऊजी, नेट सुरू होईन का? ह्याईले आईचं तोंड पाह्याचं हाय." मी "पाहतो" म्हणालो. खरं सांगतो, ते मी एका कानानं ऐकलं. दुसऱ्या कानाला गिऱ्हाइकाचा फोन होता. मग ताडपत्री बांधतो असं सांगून मी छतावर गेलो.

वर डिशच्या मागे उभा राहून, एक डोळा मिटून मी टॉवरच्या दिशेनं पाहिलं. मध्ये कोणत्या फांद्या येतात ते अगदी स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात खालून शेजारच्या नामदेवकाकांची हाक आली. हातात कुऱ्हाड होती.

"बापू, सरनाले आंब्याच्या दोन फांद्या लागतीन. बाकी लाकडं कोरडी भेटली. कोन्त्या घेऊ? तिच्या माहेरचा तूच एक हायेस, तू सांगशीन त्या." आणि स्वतःच पुढे म्हणाले, "हे मांगची अर्धी वाळेल हाय. हातालेही येते, लवकर पेटनही."

"ती नको. वरच्या, उगवतीकडच्या दोन."

"त्या ओल्या हायेत रे. अन पार शेंड्यावर."

"त्याच घ्या."

माहेरच्या माणसाचा शब्द म्हणून ते पुढे बोलले नाहीत. त्या वयात, निसरड्या खोडावर, पावसात ते चढले. पहिली फांदी पडली तेव्हा काही फरक पडला नाही. दुसरी पडली आणि माझ्या खिशातला फोन वाजला. लिंक सुरू झाल्याची खूण. आकडा उणे साठाजवळ आला होता.

मला आनंद झाला, आत्या. दुसरा शब्द नाही त्याला. तुझं प्रेत खाली होतं आणि मी वर उभा राहून आनंदलो होतो. खाली अंगणात वंदनाचा फोन वाजला, विलासचं मोठ्यानं रडणं ऐकू आलं, बायकांनी त्याला तुझं तोंड दाखवलं. मी वरच होतो. आकडा टिकतो की पुन्हा पडतो, ते पाहत होतो. टिकला. मग मी खाली येऊन तुला खांदा दिला.

माहेरचं लुगडं तुझ्या अंगावर मी घातलं, म्हणजे माहेरच्या मानाचं तेवढं केलं. आणि त्याच मानानं तुझ्या सरणावर ओली लाकडं घातली. त्या फांद्या पेटेचनात. नुसता धूर. फांद्यांच्या टोकांतून पाणी उकळून फसफसत बाहेर येत होतं. नामदेवकाकांनी बांबूनं त्या दोनदा सरकवल्या, कोणी तूप ओतलं, कोणी खोकत बाजूला गेलं. एक म्हातारे हळूच म्हणाले, "जीव घरात अडकला तिचा. पोरगा नाही ना जवळ." सगळ्यांनी माना हलवल्या. मी तिथंच उभा होतो. तुझा जीव कुठं अडकला नव्हता. गावभर उघड्या हातानं फुलं वाटणाऱ्या बाईवर मी जाता जाता हा आळ येऊ दिला, आणि डोळे धुरानं भरले म्हणून सोय झाली. माझ्या डोळ्यांतलं पाणी कशाचं आहे, हे कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून झड लागली तरी नेट जात नाही. एकाही गिऱ्हाइकानं कनेक्शन तोडलं नाही. गावात ती चमत्काराची गोष्ट फिरते. नव्या सुनांना आता ती सांगतात.

आणि परवा विलासचा फोन आला. घरच्याच नेटवरून वंदनाशी बोलून झालं होतं, मग माझ्याशी बोलला. आवाज इतका स्वच्छ की शेजारी बसल्यासारखा.

"नामदेवकाकानं सांगतलं मले," तो म्हणाला. "मांगची वाळेल फांदी हाताशी होती, तरी तू शेंड्यावरच्याच तोडाले लावल्या. काका म्हने, बापूले काय झालं होतं कोन जाने, आयकेचना. काकाले नाही समजलं. मले समजलं. मले आईचं तोंड दिसावं म्हनून तू त्या तोडाले लावल्या."

तीच वेळ होती, आत्या. तिथं सांगता आलं असतं.

"होय ना, दादा?"

तुझा विलास माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण जन्मात कधी मला दादा म्हणाला नव्हता. लहानपणापासून बापू आणि अरेतुरे.

"हो," मी म्हणालो.

मग तो ओक्साबोक्शी रडायला लागला, आणि मी कितीतरी वेळ त्याची समजूत घालत राहिलो.